उरलेल्या रसाचा तवा

मी मोल्डर. अडतीस वर्षं काळ्या रेतीत उकिडवा बसून साचे ठोकले, तेव्हा बिडाबद्दल चार शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालतो. आता निवृत्त. फुलपाड्यात राहतो. विरारला पूर्वेला उतरून शेअर रिक्षात बसलं की पापडखिंड धरणाच्या वाटेवर आमचा पाडा लागतो. गॅलरीतून पूर्वी जीवदानीचा अख्खा डोंगर दिसायचा. आता दोन इमारतींच्या फटीतून दिसेल तेवढा.

गेल्या दिवाळीत सुनेने मोबाइलवरून तवा मागवला. खोक्यावर नऊवारीतली म्हातारी, चूल, धूर, आणि वर अक्षरं: आजीच्या काळची चव. आत बिडाचा तवा. नातू म्हणाला, "आजोबा, हा बीड जिल्ह्यात बनतो का?" त्या पोराचा दोष नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे आता मोठ्यांनाही सांगावं लागतं. मी तवा पालथा घातला, कडेवरून अंगठा फिरवला, किल्लीने वाजवून पाहिला. माल बरा होता. मग म्हटलं, "कुठल्या आजीच्या काळचा?" सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला सगळ्यात खोट दिसते." खोट हुडकण्यावरच माझं पोट भरलं, त्याला मी काय करणार.

पण प्रश्न मी थट्टेने विचारला नव्हता. हिशेब साधा आहे. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. गावच्या लोहाराच्या भात्याला एवढी आच येत नाही. लोखंड लाल होतं, पिवळं होतं, मऊ पडतं, आणि लोहार ते ऐरणीवर ठोकून हवं तसं वळवतो. आमच्या रस्त्याकडेला अजून कधीमधी घिसाडी पाल टाकतात. ट्रकच्या पाट्याचा तुकडा नवरा सांडशीत धरतो आणि घण बायको मारते. बघत राहावं असं काम आहे. त्यांच्याकडे कोयते मिळतात, विळे मिळतात, तवाही मिळतो, पण तो ठोकीव तवा. पडला तर पोचा येईल, फुटणार नाही.

बिडाची जात वेगळी. लोखंडात शंभरात तीन-चार भाग कार्बन मुरला की तेच लोखंड अकराशे-बाराशे अंशांतच पातळ होतं आणि पाण्यासारखं धावतं. मग ते ठोकायचं नसतं, ओतायचं असतं. त्यासाठी उंच भट्टी पाहिजे, कोक पाहिजे, खालून न थांबता वारा मारणारा पंखा पाहिजे, साच्याची रेती पाहिजे. कुठल्या गावात होतं हे सगळं? म्हणून म्हणतो, आजीची आजी ज्या तव्यावर भाजत होती तो ठोकीव तरी असेल, नाहीतर मातीचा.

याचा अर्थ आपल्याला लोखंड ठाऊक नव्हतं असा नाही. महाबळेश्वराच्या बाजूला सह्याद्रीत धावड लोक पिढ्यान् पिढ्या दगडातून लोखंड काढत. त्याला लाकडी कोळसा लागे, कोळशाला जंगल लागे. इंग्रजांनी जंगलावर बंधनं आणली, वर विलायती लोखंड स्वस्त येऊ लागलं, आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. त्याच्याही किती आधी, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात भारतातून तांबड्या समुद्राकडे लोखंड आणि पोलाद जात असल्याची नोंद आहे, आणि त्याच पुस्तकात आमच्या सोपाऱ्याचंही नाव आहे. पण हे लोखंड भट्टीतून गोळ्याच्या रूपात निघायचं, किंवा मुशीत बेताबेताने पोलाद व्हायचं. वितळलेलं बीड साच्यात ओतण्याची कला चिनी लोकांना दोन हजार वर्षांहून आधीपासून येत होती. आपल्याकडे घरोघरी ती आली नाही.

सोपाऱ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. नालासोपाऱ्याला पश्चिमेला स्तूप आहे. गावकरी त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग हिरव्या दगडाची, मग स्फटिकाची आणि सगळ्यात आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय होतं? मातीच्या भांड्याचे बारके तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. हा ऐवज आता मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे असतो. मला त्यातलं सोनं आठवत नाही, ते खापराचे तुकडे आठवतात. माती टिकते, तांबं टिकतं, सोनं तर टिकतंच. लोखंडाचं भांडं मात्र गंजून मातीला मिळतं, नाहीतर वितळवून त्याची दुसरी वस्तू होते. मी स्वतः किती जुन्या शेगड्या, खलबत्ते आणि शिलाई मशिनचे पाय भट्टीत टाकले त्याचा हिशेब नाही. आमच्या धंद्याचा पुरावा आम्हीच खातो.

वाळूच्या साच्यात बिडाची हंडी ओतायचं पेटंट इंग्लंडात अब्राहम डार्बी नावाच्या माणसाने १७०७ साली घेतलं. पितळेची भांडी गरिबाला परवडत नव्हती, म्हणून ही खटपट. दोनच वर्षांनी त्याने लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून भट्टी चालवली, आणि पुढे त्या बिडाचे पूल झाले, इंजिनं झाली. कारखान्यांच्या युगाची सुरुवात एका हंडीपासून झाली, हे फाउंड्रीतल्या पोरांना मी नेहमी सांगायचो. ती हसायची.

आमच्याकडे बीड आलं ते आगगाडीबरोबर, गिरण्यांबरोबर. विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली १२ एप्रिल १८६७ रोजी. त्याच सुमाराला काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेलचा बिडाचा सांगाडा विलायतेहून सुटा करून आणून उभा केला. खांब, दिवे, नळ, गटाराची झाकणं, गिरणीच्या यंत्रांची धूडं, सगळं बीड. यंत्र मोडलं की बदली भाग इथेच ओतायला लागायचा, त्यातून फाउंड्र्या आल्या. १९११ च्या डिसेंबरात साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, टाटांची झोतभट्टी पेटली आणि देशी बीड जास्त मिळू लागलं.

इकडे १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या लोखंडी नांगराला शेतकरी आधी हात लावीनात, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी समजूत. पहिल्या महायुद्धात बीड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या पडून असलेल्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ. आज कोल्हापूर, शिरोली, इचलकरंजी हा फाउंड्रीवाल्यांचा मोठा पट्टा आहे. जुन्या लोकांना लोखंडी नांगराचं विष वाटत होतं, आणि आताच्या लोकांना लोखंडी तवा म्हणजे औषध वाटतं. दोघांच्या मधे कुठेतरी खरं असावं.

आता माझ्या आजीचा तवा. आमचं गाव राजापूर तालुक्यात. आजीकडे घावण्यासाठी बिडाचा तवा होता, आमच्याकडे त्याला भिडं म्हणतात. काळंभोर, मधे किंचित खोलगट, दोन कान. नारळाची शेंडी तेलात बुडवून ती भिड्यावरून फिरवायची, वाटीने पीठ ओतायची, चर्र आवाज झाला की झाकण. जाळी पडलेला घावणा कडा सोडून आपसूक वर यायचा. गावची चव म्हणजे ही चव, असं मी पुढे मुंबईत चारचौघांना सांगत फिरलो. आणि तो तवा आला कुठून होता? आजोबा परळच्या गिरणीत होते. एका मे महिन्यात बोटीने मुसाकाझीला उतरले ते गोणपाटात गुंडाळलेला तवा खांद्यावर घेऊन. म्हणजे माझ्या गावच्या चवीचं भांडं मुंबईहून आलं होतं. आजीच्या आईकडे मातीचं खापर होतं, हे आजी स्वतः सांगायची.

ते भिडं मी फोडलं. नऊ वर्षांचा होतो. आजी गोठ्यात गेली होती, शेवटचा घावणा उतरला होता, तवा चुलीवर तसाच तापत होता. मला वाटलं आपण घासून ठेवावा, आजी खूश होईल. विहिरीचं गार पाणी तांब्याभर ओतलं. वाफेचा लोट आला आणि टण् असा एकच आवाज. वाफ विरली तर मधून कडेपर्यंत रेघ. उचलायला गेलो तर दोन तुकडे. आजीने मला मारलं नाही. दोन दिवस बोलली नाही, ते जास्त लागलं. आजोबा तोवर वारले होते, नवा तवा आणणार कोण? मोठा तुकडा तिने उंदराच्या बिळावर ठेवला आणि पुन्हा खापरावर घावणे घालायला लागली.

असं का झालं ते मला पंधरा वर्षांनी कळलं, तेही मुकादमाच्या शिव्या खाताना. आमच्या बिडात कार्बन चपट्या पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. मोडलेल्या जागेवर बोट घासा, पेन्सिलीसारखं काळं होईल. त्या पापुद्र्यांमुळे बीड आवाज गिळतं. किल्लीने वाजवलं तर लोहाराचा तवा खणखणतो, बिडाचा ठप्प बोलतो. यंत्रांचे पाट बिडाचे करतात ते त्यांचं थरथरणं याच गुणामुळे कमी होतं म्हणून. पण तेच पापुद्रे म्हणजे आतल्या आत पडलेल्या चिरा. एका अंगाला एकदम गार लागलं, की धातू आकसतो आणि चीर धावते. त्यातून कड पातळ असेल तर साच्यात ती लवकर थिजते, तिथे पांढरं बीड तयार होतं, काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ. स्वस्तातले तवे कडेलाच का उडतात याचं उत्तर हे आहे.

मी १९७३ ला मुंबईत फाउंड्रीला लागलो. हेल्परचा मोल्डर व्हायला चार वर्षं गेली. काम असं: लाकडी पॅटर्न पाटावर ठेवायचा, वर पेटी, चाळणीने बारीक रेती पसरायची. रेतीत चिकटपणाला माती आणि थोडी कोळशाची पूड. मग ठोकणीने ठोकायचं. कमी ठोकलं तर साचा ढासळतो, जास्त ठोकलं तर वाफेला वाट राहत नाही आणि मालात भोकं पडतात. तारेने टोचून वाट करून द्यायची. पॅटर्न अलगद उचलायचा. तव्याचा साचा सगळ्यात सोपा दिसतो आणि सगळ्यात जास्त फसवतो, कारण सगळं अंग सपाट. रेतीत एक थेंब पाणी जास्त झालं की तव्याच्या पोटात मोहरीएवढा खड्डा. त्या खड्ड्यात घावणा जन्मभर चिकटणार.

आम्ही तव्यांसाठी भट्टी लावत नव्हतो. ऑर्डर असायची पंपाच्या अंगांची, झाकणांची, शेगडीच्या जाळ्यांची, दुकानदारांच्या वजनांची. १९५८ पासून शेर जाऊन किलो आला, तेव्हा वजनांचं काम रग्गड होतं, असं जुने मोल्डर सांगायचे. भट्टी एकदा लागली की वरून कोक, बीड, भंगार, चुनखडी असे थर पडत राहायचे आणि संध्याकाळी रस निघायचा. लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या मोठ्या पळीत, शेवटी थोडा रस उरतोच. तो परत भट्टीत जात नाही, थिजला तर लॅडल खराब. म्हणून कोपऱ्यात दोन-चार तव्यांचे साचे तयार ठेवलेले असायचे. उरलेला रस तिथे जायचा. शेठला तेवढीच वरकड कमाई.

१९७९ ला माझं लग्न ठरलं. त्या आठवड्यात मी एक साचा स्वतःसाठी बांधला, आणि आयुष्यात एवढ्या जपून दुसरा बांधला नाही. कड मुद्दाम जाड ठेवली. संध्याकाळी रस नारिंगी झाला होता, उन्हात धरलेल्या मधासारखा. दोघांनी दांडी धरून ओतला. रात्रभर रेतीतच राहू दिला, सावकाश थंड व्हावा म्हणून. सकाळी फोडला तर निळसर काळा, एक भोक नाही. मुकादमाने काट्यावर घातला, २ किलो ३०० ग्रॅम, आणि भंगाराच्या नाही, मालाच्या दराने पगारातून पैसे कापले.

नवा तवा म्हणजे अर्धं काम. बाकीचं आमच्या हिने केलं. आधी काथ्या आणि राखेने घासून रेती काढली. दोन रात्री तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवला. मग तेल लावून मंद आचेवर, कांदा अर्धा कापून त्याने तेल फिरवत, कांदा काळा पडेपर्यंत. पुन्हा तेल, पुन्हा आच. तापल्या बिडावर पातळ तेल राहिलं की ते तेल राहत नाही, वाळून त्याची टणक कातडी होते, दाराला लावलेलं जवसाचं तेल सुकतं तशी. एका दिवसात होत नाही. पहिले तीन घावणे काळे निघाले, ते मी खाल्ले. चौथा तिने खाल्ला.

गिरणीसंप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. आम्ही काकांच्या खोलीत राहायचो, काका गिरणीत. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लालबाग-परळची किती घरं उठून विरार-नालासोपाऱ्याला आली, त्यात आमचं एक, १९८६ साली. सामान टेम्पोत बसेल एवढंच. आईने तवा मांडीवर घेतला होता, तो काही मऊ सामानावर टाकण्यासारखा नव्हता. नंतर मला वालीवला वसईच्या औद्योगिक पट्ट्यात काम मिळालं आणि मुंबईपर्यंतचा प्रवास सुटला. विरारकराला याचं सुख वेगळं सांगायला नको.

इथे आल्यावर माझा गर्व पहिल्यांदा उतरवला तो शेजारच्या आगरी मावशींनी. त्यांची तांदळाची भाकरी खापरीवर, मातीच्याच. मी कौतुकाने आमचा तवा नेऊन दिला. दोन भाकऱ्या केल्या आणि तवा परत आणून दिला. म्हणाल्या, यावर डाग पडतात, भाकरी फुगायच्या आत करपते. त्यांचं बरोबर होतं. बीड उशिरा तापतं आणि तापलं की थांबत नाही. गॅस कमी केला तरी पाच मिनिटं तापलेलंच राहतं. शिवाय ज्वाळेच्या वर जास्त, कडेला कमी. हाच गुण बोंबिलांना मात्र कामी येतो. ओले बोंबील पाटाखाली दाबून, मसाला आणि तांदळाचं पीठ लावून पातळ तव्यावर टाका, गार बोंबलांनी तवाच निवतो, पाणी सुटतं, लगदा. बिडावर दहा बोंबील एकदम टाकले तरी तवा दबत नाही. कुरकुरीत निघतात. थालीपीठ, आंबोळ्या, सुकट भाजणं, या कामांना दुसरं भांडं मी मान्य करत नाही.

आंबटाला मात्र बीड नको. एकदा हिने घाईत त्यावर कोकम घालून कोलंबीचं सुकं केलं. रंग गटाराचा आणि चव जिभेवर पैसा ठेवल्यासारखी. वर महिनाभर जमवलेली कातडी निघून गेली ती वेगळीच. चिंच, टोमॅटो, ताक, सगळ्यांचं तेच. शिजवलेलं त्यात रात्रभर ठेवायचं नाही, पाण्यात भिजत घालायचा नाही. पावसाळ्यात तर फुलपाड्याची हवा अशी, की धुतलेला तवा तेल न लावता ठेवला तर सकाळी तांबूस.

मुलीला बाळंतपणाच्या आधी हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरीण म्हणाली, गोळ्या घ्याच, आणि घरात लोखंडी कढई असेल तर वापरा. मुलगी लॅबमध्ये कामाला, तिने मग शोधून वाचून दाखवलं. अमेरिकेत टेक्सासला १९८६ साली वीस पदार्थ बिडात शिजवून लोह मोजलं होतं; जे आंबट, ओलसर आणि जास्त वेळ शिजलेलं त्यात लोह जास्त उतरलं. १९९९ साली इथिओपियात ज्या मुलांचं जेवण लोखंडी भांड्यात शिजलं, त्यांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यात जेवणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वाढलं. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त, शंभरात ५४ बायका रक्ताने कमी निघाल्या. तेव्हा या गोष्टीत तथ्य आहे. पण गंमत बघा, चवीला जे वाईट तेच रक्ताला चांगलं. आणि चांगला मुरलेला काळा तवा, ज्यावर घावणा सुटून येतो, तो लोह कमी सोडतो. तव्याने गोळीची जागा घ्यावी असं मी कुणाला सांगणार नाही. थॅलेसेमियासारख्या आजारात, जिथे अंगात लोह साठून राहतं, तिथे तर आधी डॉक्टरांना विचारावं.

याच्या उलट बाजूला निर्लेप. १९६८ साली औरंगाबादेत नीळकंठराव भोगल्यांनी हा कारखाना काढला आणि नाव इतकं चिकटलं, की कुठल्याही कंपनीचा न चिकटणारा तवा मराठी घरात निर्लेपच झाला. २०१८ ला बजाज इलेक्ट्रिकल्सने ती कंपनी घेतली. मी तेव्हा निर्लेपवर पुष्कळ तोंडसुख घेतलं. रिकामा तापवू नका, लोखंडी उलथणं लावू नका, हा काय तवा की नवरदेव, असं म्हणायचो. पण आईच्या मनगटात संधिवात शिरला आणि दोन किलोंवरचा तवा तिला एका हाताने उतरवता येईना, तेव्हा निर्लेप आणला तो मीच. ती शेवटची सहा वर्षं त्यावरच घावणे घालायची आणि मला ऐकवायची, तुझ्या तव्यापेक्षा हलके सुटतात म्हणून.

सूनही आता तेच म्हणते, वेगळ्या कारणाने. तिला सकाळची अंधेरी लोकल पकडायची असते. बिडाचा तवा तापायला आठ-दहा मिनिटं, तेवढ्यात तिचे दोन डबे होतात. म्हणून नवा, आजीच्या काळचा तवा रविवारी निघतो. मी तिला दोष देत नाही. वेळ हा बिडाचा खरा खर्च आहे, आणि आजीकडे तो होता असं नव्हे, आजीला विचारलंच नव्हतं कुणी.

घ्यायचा असेल तर एवढं बघा. तवा पालथा घाला, बोटाने चाचपा, भोक असेल तर ठेवून द्या. कड तळाइतकीच जाड हवी. उचलताना मनगट कुरकुरलं तर लहान घ्या, मोह नको. घरी काचेची शेगडी असेल तर तवा ओढू नका, उचलून ठेवा. गरम असताना गार पाणी नाही म्हणजे नाही. फुलपाड्यात किंवा आसपास राहत असाल आणि तवा गंजला असेल, तर रविवारी सकाळी घेऊन या, घासून तेल मुरवून देतो, पैसे घेत नाही. फुटलेला मात्र आणू नका. त्याला जोड नाही. तो भंगारवाल्याला द्या.